मुलागणिक नको, वर्गागणिक : कॅथॉलिक शाळेतल्या चित्रकलेचा वर्षाचा खर्च

जूनमध्ये शाळा उघडते आणि वह्या-पुस्तकांच्या यादीच्या तळाशी चित्रकलेचं साहित्य येतं. स्केचबुक, पंचवीस छटांचे तेलखडू, पोस्टर कलरच्या बारा बाटल्या, जलरंगाच्या ट्यूब, ब्रशचा संच, रंगीत पेन्सिली, क्राफ्ट पेपर, कात्री, गोंद, पॅलेट. मुंबई, वसई, पुणे किंवा गोव्यातल्या कुठल्याही कॉन्व्हेंटच्या पालकाला ही यादी ओळखीची वाटेल. घरात शाळेत जाणारी दोन मुलं असली, तर दोन हजार रुपये सहज जातात. मार्चपर्यंत निम्म्या बाटल्या न उघडताच वाळतात. आणि वर्गात काही मुलं अशी असतात, ज्यांनी यातलं काहीच आणलेलं नसतं. ती दर आठवड्याला ‘विसरलो, टीचर’ म्हणतात. विसरलेली नसतात.

म्हणून हा लेख एकच गोष्ट सांगतो. चित्रकलेचं साहित्य मुलागणिक घेऊ नका, वर्गागणिक घ्या. खर्च साधारण एक तृतीयांशावर येतो, साहित्य जास्त चांगलं मिळतं आणि एकही मूल रिकाम्या हाताने बसत नाही. धर्मग्रामाच्या शाळा, संन्यासिनींच्या शाळा, जेझुइट आणि सलेशियन फादरांच्या शाळा, या सगळ्या ज्या सेवाभावावर उभ्या राहिल्या, त्याला हीच पद्धत शोभते. खालचा हिशोब मुख्याध्यापिका, कलाशिक्षक आणि पालक-शिक्षक संघ यांनी एकत्र बसून वाचावा, या हेतूने मांडला आहे.

हिशोबाची चौकट

पाचवीचा एक वर्ग धरू. पन्नास मुलं, सुट्ट्या आणि परीक्षा वगळून वर्षाला तीस आठवडे, आठवड्याला एक जोडतासिका. तीसपैकी वीस आठवडे कागदावरचं काम : त्यात दहा वेळा रंग, दहा वेळा पेन्सिल आणि तेलखडू. उरलेले दहा आठवडे मातीकाम, कोलाज, सणांची हस्तकला आणि चित्रं पाहणं. भाव किरकोळ बाजारातले, हिशोबासाठी गोल केलेले आहेत. गावाप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे ते हलतील, घाऊक खरेदीत खाली येतील. तुमच्या भावाने आकडे बदला, रीत तीच ठेवा.

एक विनंती आधीच. आठवड्यातून दोनदा पस्तीस मिनिटांची सुटी तासिका असेल, तर वेळापत्रकात ती जोडून घ्या. पाणी भरणं, कागद वाटणं आणि शेवटी धुणं-पुसणं यांत वीस-पंचवीस मिनिटं जातात. सुट्या तासिकेत ही मिनिटं दोनदा जातात आणि चित्राला दहा मिनिटं उरतात. जोडतासिकेला रुपया लागत नाही, आणि या संपूर्ण लेखातली सर्वांत मोठी बचत तीच आहे.

पन्नास मुलांची वर्षाची यादी

कार्ट्रिज कागद : मोठ्या कागदाचे चार तुकडे होतात. पन्नास मुलांची वीस चित्रं म्हणजे हजार तुकडे, म्हणजे अडीचशे कागद. बिघडण्यासाठी पंचवीस जास्त. २७५ कागद, १२ रुपयांप्रमाणे ३,३०० रुपये.

पेन्सिली आणि खोडरबर : मुलामागे दोन पेन्सिली, एक एचबी आणि एक टूबी, शिवाय एक खोडरबर. १,२५० रुपये.

तेलखडू : पंचवीस छटांची पेटी दोघांत एक. २५ पेट्या, १०० रुपयांप्रमाणे २,५०० रुपये.

पोस्टर रंग : अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या, ३०० रुपयांप्रमाणे ३,००० रुपये. पांढऱ्याच्या तीन, पिवळ्या, लाल आणि निळ्याच्या दोन-दोन, काळ्याची एक. पाच लिटर रंग, पन्नास मुलं, दहा वेळा; प्रत्येक मुलाला प्रत्येक वेळी दहा मिलिलिटर मिळतो. पाचवीच्या मुलाला तो पुरतो.

ब्रश : सहा नंबरचा गोल ब्रश प्रत्येकाला एक, ४० रुपयांप्रमाणे २,००० रुपये. दहा नंबरचा चपटा दोघांत एक, ५० रुपयांप्रमाणे १,२५० रुपये. एकूण ३,२५० रुपये.

शाडू माती : मुलामागे अर्धा किलो, म्हणजे २५ किलो. ६२५ रुपये.

चिकटवण्याचा गोंद : एक किलोचा डबा, ३५० रुपये.

घोटीव, पतंगी आणि रंगीत कागद : ६०० रुपये.

बोथट टोकाच्या कात्र्या : दोघांत एक, २५ कात्र्या, १,००० रुपये.

एकूण १५,८७५ रुपये. अडीअडचणीसाठी दहा टक्के, म्हणजे सुमारे १,६०० रुपये, बाजूला ठेवले तर १७,४७५ रुपये. मुलामागे वर्षाला ३५० रुपये.

दुसऱ्या वर्षी कात्र्या असतात आणि नीट धुतलेले ब्रशही असतात. तुटलेल्या ब्रशांसाठी आठशे रुपये धरले, तर वर्षाचा खर्च दहा टक्क्यांसह सुमारे १३,६६५ रुपयांवर येतो. मुलामागे २७५ रुपयेही नाहीत.

आता सुरुवातीची यादी घ्या. स्केचबुक १२०, तेलखडू १००, पोस्टर रंग २००, जलरंग १२०, ब्रशसंच १५०, पेन्सिल-रबर ४०, रंगीत पेन्सिली १२०, क्राफ्ट पेपर ८०, कात्री आणि गोंद ८०, पॅलेट ४०. बेरीज १,०५० रुपये. पन्नास घरांचे मिळून ५२,५०० रुपये. एवढ्या पैशांत वर्गागणिक खरेदी केली तर तीन वर्ग वर्षभर चित्रं काढतात.

पाण्याचे डबे, फाटक्या चादरी, रद्दी, पुठ्ठे, अंड्यांचे ट्रे आणि रंग कालवायला स्टीलच्या जुन्या ताटल्या घरांतून येतात. त्यांच्यासाठी वेगळा खर्च धरू नका. मे महिन्यात पालकांना एक चिठ्ठी पाठवा, जूनमध्ये कपाट भरतं.

हात कुठे सैल सोडावा, कुठे आखडावा

पहिला पैसा कागदावर घाला. झेरॉक्सचा सत्तर-ऐंशी जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद पेन्सिलीपुरता ठीक असतो. ओला रंग लागला की तो वळतो, त्याची लव निघते आणि मुलाला वाटतं, आपल्याला रंगवता येत नाही. दोष कागदाचा असतो, शिक्का मुलावर बसतो. पोस्टर रंगासाठी किमान १४० जीएसएम आणि भरपूर पाण्याच्या कामासाठी दोनशेच्या पुढचा कागद हवा. दुकानदाराला ‘ड्रॉइंग पेपर’ एवढंच सांगू नका; जीएसएम सांगा, आणि खरेदीआधी एक तुकडा ओला करून पाहा.

दुसरा पैसा ब्रशवर. सहा-आठ ब्रशांचे पाकीटबंद संच स्वस्त दिसतात, पण त्यातले दोनच वापरात येतात. सुटे ब्रश घ्या. पाण्यात बुडवून झटकला की गोल ब्रशला अणकुचीदार टोक यायला हवं. पत्र्याची पट्टी दांड्यावर हलत असेल तर तो ब्रश परत ठेवा. काम झाल्यावर ब्रश डब्यात टोकावर उभे ठेवले, तर महिनाभरात केस वाकतात. धुऊन आडवे वाळवले, तर तीन वर्षं चालतात. प्रत्येक बाकावर एक ‘ब्रशवाला’ किंवा ‘ब्रशवाली’ नेमा. मुलं हे काम फार मनापासून करतात.

छटांच्या बाबतीत मात्र हात आखडा. बारा रंगांच्या छोट्या बाटल्यांत हिरवा, जांभळा आणि गुलाबी तयार मिळतो, त्यामुळे मुलांना तो करावा लागत नाही, म्हणजे शिकावा लागत नाही. पाच बाटल्यांतून बाकी सगळं निघतं. एक काळजी घ्या : लाल घेताना क्रिमसन घ्या. शेंदरीकडे झुकणारा लाल निळ्यात कालवला तर जांभळ्याऐवजी तपकिरी होतो.

सुरक्षेचं तेवढं पाहा. डब्यावर ‘नॉन टॉक्सिक’ असं लिहिलेलं हवं. लहान मुलांच्या साहित्यावर ‘ईएन ७१’ किंवा ‘एएसटीएम डी-४२३६’ हे खुणेचे आकडे असतात. प्राथमिक वर्गात तैलरंग आणि टर्पेंटाइन आणू नका. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं, म्हणून त्यात मुलांचे हात बुडवून ठसे घेण्याचा प्रकार कधीही करू नये.

शाडूची माती भाजायची नसेल तर ती पुन्हा वापरता येते. वाळलेल्या मूर्ती फोडून बादलीत भिजत घाला, कापडातून पाणी निथळू द्या, मळा. एकदा आणलेली माती दोन वर्षं पुरते. गोंदाच्या निम्म्या कामाला मैद्याची खळही चालते, ताजी करून त्याच दिवशी संपवली म्हणजे झालं.

चर्चचं वर्ष हीच रंगांची शाळा

कॅथॉलिक शाळेच्या कलाशिक्षकाकडे असा एक पाठ आहे, जो इतर शाळांना विकतही मिळणार नाही. मिस्सेच्या वेळी धर्मगुरूंच्या अंगावरच्या झग्याचा रंग उपासनेच्या काळाप्रमाणे बदलतो. आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात जांभळा, नाताळात आणि ईस्टरच्या काळात पांढरा, झावळ्यांच्या रविवारी, उत्तम शुक्रवारी, पेंटेकॉस्टला आणि हुतात्म्यांच्या सणांना लाल, सामान्यकाळात हिरवा. आगमनकाळातला तिसरा आणि प्रायश्चित्तकाळातला चौथा रविवार गुलाबी.

आता वर्गातल्या पाच बाटल्या समोर ठेवा. पांढरा आणि लाल तयार आहेत. जांभळा क्रिमसन आणि निळ्यातून, हिरवा पिवळ्या आणि निळ्यातून, गुलाबी क्रिमसन आणि पांढऱ्यातून मुलांनी करायचा. एका मोठ्या पुठ्ठ्यावर वर्षाचं वर्तुळ काढा, त्याचे आठवडे पाडा आणि ज्या आठवड्याचा जो रंग, तो त्या आठवड्यात मुलांनी कालवून भरायचा. जून ते मार्च हे काम चालतं. प्राथमिक आणि दुय्यम रंग, गडद-फिकट छटा, थंड-उष्ण रंग हे सगळे पाठ त्यात येतात. खर्च एका पुठ्ठ्याचा. वर्गातल्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलांना हेच वर्तुळ आपापल्या सणांनी आणि ऋतूंनी भरू द्या. रंग कालवण्याची रीत सगळ्यांची एकच असते.

सणांची हस्तकला किती रुपयांत

नाताळचा तारा : प्लॅस्टिकचा तयार तारा विकत आणून टांगण्यात मुलांच्या वाट्याला काहीच येत नाही. पाच मुलांचा गट करा. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगी कागद आणि खळ, एका ताऱ्याला साठ रुपये धरा. दहा ताऱ्यांचे सहाशे, मुलामागे बारा रुपये. कामट्या तासून मिळतात का ते आधी विचारा. तासण्याचं काम मुलांना देऊ नका. कामट्यांचे चांदणीच्या आकाराचे दोन सांगाडे एकमेकांवर बांधून मध्ये टेकू दिला की तारा फुगीर होतो. यात भूमितीचाही पाठ होतो.

रंगीत काचेची खिडकी : काळ्या कार्डशीटमध्ये आकार कापायचे आणि मागून रंगीत जिलेटिन कागद चिकटवायचा. पन्नास मुलांना तेरा कार्डशीट, १५ रुपयांप्रमाणे १९५, आणि पंचवीस जिलेटिन कागद, १० रुपयांप्रमाणे २५०. एकूण ४४५, मुलामागे नऊ रुपये. त्याआधी मुलांना चर्चमध्ये न्या आणि खरी खिडकी सकाळी आणि दुपारी, अशी दोनदा दाखवा. ऊन फिरलं की रंग कसे बदलतात, हे पुस्तकातून समजत नाही.

गव्हाणी : मातीच्या मूर्ती मुलांनी करायच्या, गोठा पुठ्ठ्याचा आणि वाळल्या गवताचा. माती वर्षाच्या खर्चात धरलेलीच आहे, म्हणून वर पन्नास-शंभर रुपयांपलीकडे लागू नयेत. थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, आणि त्याचे कण उडून शाळेच्या आवारातल्या गटारात जातात. गोठ्याभोवतीचं गाव मुलांनी आपलं काढावं : वसईची वाडी, विहीर, केळीची बाग, किंवा चाळीचा जिना.

झावळ्यांचा रविवार : नारळाच्या झावळीच्या पात्यांपासून क्रूस आणि फुलं विणण्याची कला धर्मग्रामातल्या आजी-आजोबांना येते. त्यांना एका तासिकेला बोलवा. खर्च शून्य, आणि त्यांच्या हातचं पुढच्या पिढीकडे जातं.

पाहायला काय द्यावं

मुलांनी फक्त काढायचं नसतं, पाहायचंही असतं. आपल्या शाळांत मारिया मातेचं चित्र म्हटलं की छापील युरोपीय चेहरा समोर येतो, आणि मुलं तेच गोरे गाल आणि तेच निळे डोळे गिरवत बसतात. त्यांना आंजेलो द फोन्सेका दाखवा. गोव्याच्या सांतु इस्तेव्ह बेटावर १९०२मध्ये जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात शिकला, पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि १९६७मध्ये पुण्यातच वारला. त्याने मारिया मातेला साडी नेसवली, तिला सावळा वर्ण आणि भारतीय बसणं-उठणं दिलं. त्या काळात त्यावर टीका झाली, तरी तो रंगवत राहिला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. शिवाय जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद आणि त्यांची मुलगी आंजेला त्रिंदाद आहेत. त्यांची चित्रं पणजीच्या फुंदासांव ओरिएंतमध्ये पाहायला मिळतात. वसईतल्या मुलीने आजीच्या लुगड्यातली मारिया काढली, तर तिच्यामागे केवढी परंपरा उभी आहे, हे तिला कळायला हवं.

सहलीचा खर्च मात्र डोळे उघडे ठेवून करा. पन्नास मुलांच्या बसचे दिवसाचे दहा हजार धरले, तर मुलामागे दोनशे रुपये होतात, म्हणजे वर्षाच्या साहित्याच्या निम्म्याहून जास्त. म्हणून आधी पायी जाता येईल तिथे जा. धर्मग्रामाचं चर्च, त्यातली वेदी, लाकडी कोरीवकाम, फरशांची नक्षी, जुन्या क्रूसांचे दगड, यांची रेखाटनं करायला दोन तासिका पुरत नाहीत. वसईच्या मुलांना किल्ल्यातल्या चर्चच्या कमानी आहेत. दक्षिण मुंबईत जाणं जमत असेल तर कुलाब्याचं होली नेम कॅथीड्रल भित्तिचित्रांसाठी पाहावं. त्याच दिवशी काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीतही जाता येतं, तिथे प्रवेशशुल्क नाही. गोव्याची सहल ठरलीच असेल, तर जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयासाठी पूर्ण दोन तास राखून ठेवा. हस्तिदंत, चांदी आणि लाकूड यांत स्थानिक कारागिरांनी ख्रिस्ती विषय कसे घडवले, ते तिथे दिसतं.

शिक्षकाचं मानधन

अनुदानित शाळेत कलाशिक्षकाचं मंजूर पद भरलेलं असेल, तर पगार शासनाकडून येतो आणि शाळेने साहित्यापुरतं पाहायचं असतं. पद नसेल किंवा शाळा विनाअनुदानित असेल, तर मानधनावर शिक्षक नेमावा लागतो. जोडतासिकेला पाचशे रुपये धरले, तर एका वर्गाचे तीस आठवड्यांचे पंधरा हजार होतात, मुलामागे तीनशे. साहित्य धरून साडेसहाशे. म्हणजे सगळं मिळूनही आकडा सुरुवातीच्या यादीपेक्षा चारशे रुपयांनी कमीच राहतो.

पैसे वाचवायचे म्हणून हा भाग छाटू नका. रिकामी तासिका असलेल्या कुणाही टीचरला ‘चित्रकला घ्या’ म्हणून वर्गात पाठवलं, की फळ्यावर एक झोपडी, दोन डोंगर आणि मधला सूर्य काढून दिला जातो आणि पन्नास मुलं ती उतरवतात. कलाशिक्षक पदविका घेतलेल्या व्यक्तीला बोलवा. चार तुकड्यांच्या तासिका एकाच दिवशी सलग लावा, म्हणजे तिचा येण्या-जाण्याचा खर्च एकदाच होतो आणि दिवसाला दोन हजार रुपये हातात पडतात. मानधन महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या. सेवाभावी संस्था आहे म्हणून कलावंताने कमी घ्यावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट

महाराष्ट्रात कला संचालनालय शासकीय रेखाकला परीक्षा घेतं. साधारण सातवी-आठवीपासून मुलं आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट देतात. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. दोन्हींत स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात : अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. या गुणांसाठी प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, म्हणून प्रमाणपत्राची प्रत दहावीच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांकडे द्या.

खर्च असा येतो. पॅड आणि क्लिपा १५०, कंपास आणि गुण्ये १५०, पोस्टर रंग २००, जलरंग १२०, तीन-चार चांगले ब्रश २००. एकूण ८२०. सरावाला बारा आठवडे, आठवड्याला चार चित्रं धरली, तर अठ्ठेचाळीस तुकडे, म्हणजे बारा मोठे कागद, १४४ रुपये. बेरीज हजाराच्या आत. परीक्षा शुल्क वेगळं; त्या वर्षाच्या परिपत्रकात जेवढं असेल तेवढंच भरा, आणि वर काही मागितलं तर कशासाठी ते लेखी विचारा. परीक्षेचं साहित्य मात्र मुलाच्या स्वतःच्या सवयीचं हवं; इथे वर्गागणिक खरेदीचा नियम सोडा. ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी आदल्या वर्षीच्या मुलांकडून पॅड, कंपास आणि गुण्ये परत मागून घ्या.

बाहेरच्या क्लासची फी भरण्याआधी शाळेतच शनिवारचा सराववर्ग होतो का, ते पाहा. तांब्या, कळशी, सुरई, बाटली, दोन फळं आणि एक चुण्यांचं कापड एवढं असलं की वस्तुचित्राचा सराव सुरू होतो. क्लासची ओळखायची खूण एकच : तिथे वस्तू मांडून काढायला लावतात, की पाठ केलेली रचना घोटून घेतात? दुसरं दिसलं तर पैसे वाचवा. श्रेणीच्या गुणांसाठी मुलाला ठरीव चित्र पाठ करायला लावलं, तर तीन गुण मिळतील आणि चित्रकला सुटेल.

पैसे कुणाकडून, कसे

मुलामागे साडेतीनशे रुपये गोळा करण्याची रीत सरळ असावी. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११चा कायदा आहे आणि शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. कलासाहित्याची रक्कम तिथेच मांडा, खर्चाची यादी जोडा, पावती द्या. वर्षाच्या मधे ‘उद्या पन्नास रुपये आणा’ ही सूचना नको. त्या पन्नासांनीच गरीब घर अडचणीत येतं. तसंच, एखाद्या ठरावीक दुकानातूनच घ्या, असा आग्रह पालकांना करू नका.

पन्नासांतल्या आठ-दहा मुलांचे पैसे येणार नाहीत, असं धरूनच चाला. त्यांचे तीन-साडेतीन हजार धर्मग्रामाच्या निधीतून, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा शाळेच्या फनफेअरमधून उभे करता येतात. कुणाचे आले नाहीत, हे मुख्याध्यापिका आणि वर्गशिक्षिका यांच्यापलीकडे कुणालाही कळता कामा नये. साहित्य एकाच कपाटातून वाटलं जातं, त्यामुळे मुलांना तर कळायचा प्रश्नच राहत नाही.

खरेदी जीएसटीच्या पक्क्या बिलावर करा. २२ सप्टेंबर २०२५पासून पेन्सिली, क्रेयॉन, पेस्टल, खोडरबर, शार्पनर आणि वह्या यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. बिलात या वस्तूंवर कर लावलेला दिसला, तर दुकानदाराला दाखवून दुरुस्त करून घ्या. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि पुण्यात अप्पा बळवंत चौक इथे तीन दुकानांतून लेखी भाव घ्या. जवळच्या तीन-चार शाळांनी एकत्र मागणी नोंदवली, तर भाव आणखी उतरतो आणि वाहतूक वाटली जाते.

पालकांच्या संमतीचा एक मुद्दाही इथेच. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणालाही धर्मशिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही, असं संविधानाचं कलम २८(३) सांगतं. चित्रकलेत हे पाळणं सोपं आहे. विषय देताना दोन पर्याय ठेवा : ‘गव्हाणी’ किंवा ‘आमच्या घरचा सण’. साहित्य तेच, गुण तेच.

कशावर पैसे घालू नयेत

प्रवेशशुल्क भरलेल्या प्रत्येकाला पदक मिळणाऱ्या स्पर्धांवर घालू नका. परीक्षक कोण, चित्रं परत मिळतात का आणि निकाल कुठे लागतो, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर गोलमाल असेल तर नाव नोंदवू नका. आकार आधीच कापलेल्या क्राफ्ट किटवर घालू नका. त्यात मुलाला फक्त चिकटवायचं काम उरतं. चमकी आणि थर्माकोलवर घालू नका. वार्षिक प्रदर्शनासाठी फ्रेमवर घालू नका. सुतळी, लाकडी चिमटे आणि चित्रामागे रंगीत कार्डशीट, एवढ्यात वर्गाचं प्रदर्शन पाचशे रुपयांत उभं राहतं. त्यात प्रत्येक मुलाचं एक चित्र लावा, निवडक दहांची नकोत. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात दोन तास मांडलं, तर पाहणाऱ्यांना बोलवावंही लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

मार्च : कपाट मोजा, काय उरलं ते लिहा. एप्रिल : पालक-शिक्षक संघाच्या सभेत खर्चाची यादी मांडा, जोडतासिका वेळापत्रकात घालून घ्या. मे : तीन दुकानांचे भाव, पालकांना जुन्या वस्तूंची चिठ्ठी. जून : खरेदी, पहिल्याच आठवड्यात मुलांसोबत कपाट लावणं. जुलै-ऑगस्ट : रेखाकला परीक्षेची नोंदणी आणि शनिवारचा सराव. नोव्हेंबर : कामट्या आणि पतंगी कागद, डिसेंबरच्या आधी, कारण नंतर भाव चढतात. फेब्रुवारी : प्रदर्शन.

यंदा सगळ्या शाळेसाठी हे जमणार नसेल, तर एका वर्गापासून सुरुवात करा. पाचवी घ्या, साडेसतरा हजारांचा निधी उभा करा, खर्चाची वही उघडी ठेवा आणि वर्षअखेरीस ती वही आणि मुलांची चित्रं शेजारी-शेजारी मांडून पालकांना दाखवा. पुढच्या वर्षी सहावीचे पालक स्वतःहून विचारायला येतील. चित्र काढायला मिळणं हे घरच्या ऐपतीवर ठरू नये, आणि साडेतीनशे रुपयांत ते ठरण्यापासून थांबवता येतं.